सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी नेक बघा, रंग नंतर

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार मी ६ हजारांना घेतली. काळी, चकचकीत, अंगावर एक ओरखडा नाही. विकणाऱ्याने ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) जोडली, आवाज आला, मी पैसे दिले. पुढचे दोन महिने बोटं दुखत राहिली आणि जाड तारा अर्ध्या नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब मानेवर, झणझणत राहिल्या. मला वाटत होतं की माझाच हात अजून बसला नाही. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी ती डोळ्यापाशी उचलून धरली, नेम धरावा तशी नेकवरून नजर टाकली आणि म्हणाले, "नेकला पीळ पडलाय. सरळ होणार नाही, बाळा." त्यांना दहा सेकंदही लागले नाहीत.

त्या दहा सेकंदांत त्यांनी काय बघितलं, ते मी नंतर शिकून घेतलं. तेव्हापासून स्वतःसाठी चार जुन्या गिटारी घेतल्या आणि मित्रांबरोबर, क्लासमधल्या मुलांबरोबर कितीतरी बघायला गेलो. हा लेख फक्त बजेट गिटारींबद्दल आहे, म्हणजे नव्या घेतल्या तर साधारण १० ते ३० हजारांत मिळणाऱ्या. स्क्वायरची बुलेट किंवा अफिनिटी, यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जिओ, एपिफोनची लेस पॉल स्पेशल, कोर्ट, अशा. या गिटारींचे बहुतेक बिघाड थोडक्या पैशांत सुटतात, दोन-तीन मात्र सुटतच नाहीत. ते दोन-तीन ओळखता आले की बाकी फक्त किमतीचा प्रश्न उरतो.

सोबत काय न्यायचं

- ट्यूनर (क्लिपचा असो वा फोनमधलं ॲप)
- स्वतःची चांगली केबल. विकणाऱ्याची केबल खराब असली तर दोष गिटारचा की केबलचा, ते कळत नाही
- लहान ॲम्प किंवा हेडफोन ॲम्प. विकणाऱ्याकडे ॲम्प आहे का, हे फोनवरच विचारून ठेवा
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी किल्ल्यांचा, संच (दीड, ४ आणि ५ मिलिमीटरच्या तरी हव्यात) आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर
- टॉर्च आणि एखादं जुनं एटीएम कार्ड
- कागद-पेन
- जमल्यास वाजवणारा एक मित्र. तुम्ही नवशिके असाल तर मित्राला वाजवू द्या आणि तुम्ही समोर बसून ऐका

विकणाऱ्याकडून मागायच्या गोष्टी: मूळ बिल, वॉरंटी कार्ड, गिटारबरोबर आलेली ॲलन की आणि ट्रेमोलोचा, म्हणजे सूर थरथरवायचा, दांडा. बिल बहुतेकदा हरवलेलं असतं आणि तेवढ्यावरून संशय घेऊ नका. दांडा मात्र आठवणीने मागा, कारण आटे जुळणारा दुसरा शोधताना वैताग येतो.

१. अर्धं काम फोनवरच करा

पहिला प्रश्न: नेमकं मॉडेल कोणतं? जाहिरातीत 'फेंडर गिटार विकणे आहे' असं असतं आणि फोटोत हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला, चाव्या असतात तिथे) मोठ्या अक्षरांत स्क्वायर लिहिलेलं दिसतं. स्क्वायर हा फेंडरचाच ब्रँड आहे, त्या नावाने १९८२ पासून कमी किमतीच्या गिटारी निघतात आणि त्यातल्या कित्येक छान वाजतात. पण भाव स्क्वायरचा द्यायचा, फेंडरचा नाही. गिब्सन आणि एपिफोनचंही तसंच. आणि आपल्याकडे कोलकात्याची गिव्हसन नावाची अगदी वेगळी कंपनी आहे, तेव्हा हेडस्टॉकवरचं एकेक अक्षर वाचा.

एकाच ब्रँडच्या आतही पायऱ्या असतात. स्क्वायरमध्ये खाली बुलेट (२०२३ पासून तिची जागा सॉनिकने घेतली), मग अफिनिटी, त्यावर क्लासिक व्हाइब. यामाहात पॅसिफिका ०१२ आणि ११२ या दिसायला बहिणी, पण ११२ वरच्या दर्जाची. ११२व्हीमध्ये टोनचा नॉब वर ओढला की ब्रिजजवळचा (तारा बॉडीवर टेकतात तिथला) हंबकर सिंगल कॉइलसारखा वाजतो. हे दोन पिकअपचे, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाचे, प्रकार. ही खूण विकणाऱ्यालाही माहीत नसते, तुम्ही जाऊन ओढून बघा.

फोटो मागवताना चार मागवा: हेडस्टॉक पुढून, हेडस्टॉक मागून, ब्रिज अगदी जवळून आणि पहिले पाच फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळून. सिरीयल नंबरही मागा. इंडोनेशियात बनलेल्या बऱ्याच स्क्वायरवर 'आयसीएस' या अक्षरांनंतरचे दोन आकडे वर्ष सांगतात, १० असेल तर २०१०. 'दोनच वर्षं झाली घेऊन' आणि नंबर २०१० चा असेल तर तो खोटं बोलतोय असं लगेच ठरवू नका. त्याने स्वतः जुनी घेतलेली असू शकते. पण विचारा.

तारा चढवलेल्या आहेत का, हेही विचारा. ताराच नसतील तर नेक तपासता येत नाही, कारण नेकची खरी अवस्था तारांचा ताण आल्यावरच दिसते. अशा वेळी "मी तारांचा सेट घेऊन येतो, तुमच्यासमोर चढवतो, चालेल का?" असं विचारावं. नाही म्हणाला तर जाऊ नका.

मे-जून हे चांगले महिने. इंजिनिअरिंगची मुलं हॉस्टेल सोडतात आणि पहिल्या वर्षी हौसेने घेतलेल्या, फारशा न वाजलेल्या गिटारी बाजारात येतात. पुण्यात तर तेव्हा आठवड्याला नवी जाहिरात दिसते.

२. नेक

गेल्या गेल्या गिटार सुरात लावा. सहाही तारा, नीट. विकणारा "वाजवून बघा ना" म्हणत राहील, पण सूर लागून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, तोवर पाणी प्या, गप्पा मारा.

आता ते दहा सेकंद. गिटारची बॉडी डोळ्यापाशी घ्या, हेडस्टॉक खिडकीच्या उजेडाकडे करा आणि ब्रिजच्या बाजूने नेकच्या कडेवरून बघा. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ रेघ, तिच्याशी कड ताडून बघा. आधी जाड तारेची बाजू, मग बारीक तारेची. दोन्ही बाजूंना सारखाच किंचित खोलगटपणा दिसत असेल तर उत्तम. एक बाजू खोलगट आणि दुसरी सपाट किंवा फुगीर असेल तर तो पीळ. नटची (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. एक तिरकी दिसली तर हेडस्टॉकच्या बाजूनेही बघून खात्री करा. पीळ असेल तर गिटार ठेवून द्या आणि आभार मानून निघा. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली आवळता-सोडता येणारी सळई, नेकचा बाक काढतो, पीळ काढत नाही.

बाक मोजायचा असा: सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात केसभर फट हवी, साधारण पाव मिलिमीटर. टिचकी मारली की तार हलकीशी टक वाजली पाहिजे. फट मुळीच नसेल तर नेक फार सरळ आहे किंवा मागे झुकलाय. मिलिमीटरभर असेल तर पुढे वाकलाय. या दोन्हींवर ट्रस रॉड हा उपाय आहे, पण तो फिरत असेल तरच.

बजेट गिटारीत हा सापळा नेहमी भेटतो. आधीच्या कुणीतरी ट्रस रॉडचा आवळायचा नट जोर लावून गोल करून ठेवलेला असतो किंवा तो पूर्ण आवळलेला असतो आणि पुढे जागाच उरलेली नसते. हेडस्टॉकच्या छिद्रात टॉर्च मारून बघा: सहा कोन धारदार दिसतात का? मग मालकाला विचारून ॲलन की घाला आणि आधी सैल करण्याच्या दिशेला पाव फेरा, मग पुन्हा होता तिथे. फिरला की थांबा. जोर लावायचा नाही, पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचं नाही, गिटार अजून त्याची आहे. मालक नको म्हणाला तर तो त्याचा हक्क. पण नेक वाकलेला असेल आणि ट्रस रॉड बघू देत नसतील तर मी ती गिटार घेत नाही.

कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात नेक ओल धरतो आणि थोडा हलतो. जुलैत बघितलेली गिटार जरा वाकलेली दिसली तर घाबरू नका, रॉड फिरतोय ना, एवढं बघा. उलट विदर्भात किंवा नाशिककडे कोरड्या दिवसांत फिंगरबोर्डचं (नेकवर बोटं टेकतात त्या पट्टीचं) लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात. नेकच्या कडेवरून तळवा फिरवला की ती टोचतात. ती घासून घेता येतात. तेवढ्यासाठी सौदा सोडू नका, भाव मात्र कमी करून मागा.

दोन जागा अजून. हेडस्टॉक मागे कललेला असेल, म्हणजे लेस पॉलच्या घाटाची गिटार असेल, तर नटच्या मागच्या बाजूला टॉर्च तिरका धरून केसासारखी रेघ शोधा. या गिटारी पडल्या की तिथेच मोडतात, आणि चिकटवून रंग दिलेला मोड फोटोत दिसत नाही. स्ट्रॅटचा (फेंडर-स्क्वायरच्या प्रसिद्ध घाटाच्या गिटारचा) हेडस्टॉक सरळ असतो, तिथे ही भीती कमी. आणि नेक बॉडीला बसतो त्या खाचेजवळ रंगाला तडे असतील तर ते बहुतेकदा फक्त रंगाचे असतात. नेक हाताने हलवून बघा. हलला नाही आणि दोन्ही कडेच्या तारा नेकच्या काठापासून सारख्या अंतरावर असतील तर पुढे चला.

३. प्रत्येक फ्रेट वाजवा, एकही सोडू नका

२२ फ्रेट आणि ६ तारा म्हणजे १३२ सूर. सावकाश वाजवले तरी पाचेक मिनिटांत होतात. हे ॲम्पशिवाय करा. सूर लांबतो की मध्येच मरतो, तार झणझणते का, कुठे झणझणते, ते कागदावर लिहा.

सुरुवातीच्या चार-पाच फ्रेटवरच झणझणत असेल तर नेक फार सरळ किंवा मागे झुकलेला असतो. पुष्कळदा रॉडने सुटतं. एकाच जागी झणझणत असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचलला गेलाय. एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर एकदम बसेल अशी उभी धरा. कार्ड झोपाळ्यासारखं डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. एक-दोन असतील तर कारागीर बसवून किंवा घासून देतो.

मग झीज. पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांच्या खाली बोटाचं नख फिरवा. उघडे कॉर्ड जिथे सतत दाबले जातात तिथे तारेने खाच पाडलेली असते. डोळ्यांना चमकती रेघ दिसते आणि नखाला काहीच लागत नाही, ती वापराची खूण. नख अडकतं, तिथे फ्रेट घासून पुन्हा गोल करावे लागतील. खाच इतकी खोल असेल की घासून धातूच उरणार नाही, तर फ्रेट बदलावे लागतात. बजेट गिटारीत तो खर्च गिटारच्या किमतीच्या आसपास जातो, म्हणून तिथेही निघायचं.

बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली आणि दुसरी तार पूर्ण एक सूर ओढून बघा. ओढताना आवाज गळा दाबल्यासारखा बंद पडला तर वरच्या फ्रेटना उंचवटा आहे किंवा ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार खाली आणलीय. ॲक्शन पट्टीने मोजा: बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली दीडच्या जरा वर, हे ठीक. ४ मिलिमीटर असेल आणि सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) आधीच पार खाली टेकलेली असतील तर ॲक्शन आणखी उतरवायला जागा नाही. मग नेकचा कोन बदलावा लागतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

४. चाव्या, नट, ब्रिज

इथे फार वेळ नको, कारण इथलं जवळजवळ सगळं बदलता येतं. सूर लावायच्या चाव्या फिरवताना मध्येच रिकाम्या फिरतात का ते बघा. सूर लावताना नटपाशी टिंग आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय, तिथे पेन्सिलीचं शिसं घासलं तरी बराच फरक पडतो.

ब्रिजच्या सॅडलचे बारीक स्क्रू मात्र टॉर्चने बघा. घाम आणि दमट हवा यांनी ते गंजतात, दीड मिलिमीटरची की आत गरगर फिरते आणि मग ॲक्शन बदलताच येत नाही. स्क्रू नवे मिळतात, पण गंजलेले काढायला वेळ लागतो. त्याचे पैसे हिशेबात धरा.

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून येणारा सूर) आणि तोच फ्रेट दाबून येणारा सूर ट्यूनरवर जुळवून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं असतं. जुन्या तारांवर हा फरक उगाचच जास्त दिसतो, म्हणून याच्यावरून निकाल देऊ नका.

एक सल्ला कळकळीचा: पहिलीच गिटार असेल तर फ्लॉइड रोझच्या धर्तीचा, लॉक होणारा ट्रेमोलो असलेली स्वस्त गिटार घेऊ नका. तो ज्यांवर टेकून हलतो त्या धारा मऊ धातूच्या असतात, झिजतात आणि सूर टिकत नाही. एक तार बदलली की बाकीच्या पाच हलतात. शिकण्याचा सगळा उत्साह सूर लावण्यातच संपतो.

५. आता ॲम्पला जोडा

नॉब सगळे दहावर, ॲम्पचा आवाज बेताचा, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय) बंद. डिस्टॉर्शनमध्ये सगळ्या गिटारी छान वाजतात, म्हणूनच विकणारे ते सुरू ठेवतात.

स्विचच्या प्रत्येक जागेवर एकेक पिकअप तपासा. स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टकटक केलं की जो चालू आहे त्याचाच आवाज मोठा येतो. एखादी जागा मुकी असेल तर तो स्विचचा दोष आहे की पिकअप गेलाय? स्विच दहा-पंधरा वेळा पुढे-मागे करा. मध्येच आवाज आला तर स्विचची घाण. मल्टिमीटर असेल तर केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाशी मोजा: सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ किलोओहम आणि हंबकरला ७ ते १६ च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. काहीच न दिसलं तर कुठेतरी तार तुटलीय.

नॉब फिरवताना येणाऱ्या खरखरीने नवे लोक फार घाबरतात. ती बहुतेकदा धूळ असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. आत मारून नॉब वीस वेळा फिरवला की आवाज स्वच्छ होतो. जॅकपाशी (केबल खोचतात तिथे) केबल हलवली की आवाज जातो-येतो, हीसुद्धा डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, छोटी दुरुस्ती.

सिंगल कॉइलची घूं-घूं स्वाभाविक आहे. तारांना हात लावला की ती कमी झाली पाहिजे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली जोडणी उलटसुलट झालीय, सुटण्यासारखं आहे. मात्र तारांना हात लावून मुंग्या आल्या किंवा झटका जाणवला तर लगेच बंद करा. त्या घरच्या प्लगला अर्थिंग नाही किंवा ॲम्पमध्ये बिघाड आहे. दुसऱ्या घरी तपासल्याशिवाय तो ॲम्प सोबत घेऊ नका.

६. कागदावर हिशेब

डोंबिवलीला एका घरी मी अफिनिटी स्ट्रॅट बघायला गेलो होतो. मुलगा नोकरीला बंगळुरूला, गिटार कपाटामागे. त्याच्या आईने पुसून आणून दिली. तारा तपकिरी पडलेल्या, बोटांना गंज लागला. सॅडलचे चार स्क्रू अडकलेले, नॉबना खरखर, जॅक सैल, कोपऱ्यावर टवका उडालेला. पण नेक सुतासारखा सरळ, रॉड लोण्यासारखा फिरला आणि फ्रेटवर नख कुठेही अडकलं नाही. ती गिटार फारशी वाजलेलीच नव्हती.

सांगितलेली किंमत ११ हजार. तेव्हा तीच नवी २० हजारांना होती. मी तिथेच बसून लिहिलं: तारा ६००, सेटअप (नेक, ॲक्शन, सूर कारागिराकडून नीट लावून घेणं) १,२००, जॅक २५०, स्प्रे ३००, स्क्रू ३५०. एकूण २,७००. माझा नियम असा की घेण्याची किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्याच्या ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे इथे १२ हजार. त्यातून २,७०० वजा केले की ९,३०० उरतात. कागद काकूंना दाखवला आणि फोनवर मुलाशी बोललो. "दादा, नेक एक नंबर आहे, बाकी हा खर्च येणार," असं सरळ सांगितलं. सौदा ९ हजारांना झाला. दहाएक वर्षं झाली, ती गिटार आजही माझ्याकडे वाजते.

तुलना त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या किमतीशी करा. 'मी २२ हजारांना घेतली होती' हा आकडा धरू नका. बॅग, बेल्ट, पिक्स यांचे वेगळे पैसे मोजू नका. संचाबरोबर आलेला छोटा १० वॉटचा ॲम्प मिळत असेल तर चांगलंच, पण त्याच्यासाठी दोन-तीन हजार जास्त मागत असतील तर गिटार एकटी घ्या.

घासाघीस करताना गिटारची निंदा करू नका. कुणाची तरी ती हौस होती. आकडे दाखवले की माणसं समजून घेतात.

७. पैसे देताना

गिटार हातात घेऊन वाजवल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. 'मी फौजेत आहे, बदली झालीय, कुरिअरचे पैसे आधी पाठवा, गिटार गाडीत चढवलीय' असे फोन येतात, सोबत ओळखपत्राचा फोटोही येतो. किंमत बघून मोह पडतो, कारण ती मुद्दामच निम्म्याहून कमी ठेवलेली असते. 'पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा' म्हणाले तरी करू नका. स्कॅन करून आपले पैसे जातात, येत नाहीत. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

पैसे देऊन झाल्यावर विकणाऱ्याला तिथेच एक मेसेज पाठवा: मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख. त्याने 'हो' लिहिलं की पुरे. बिल नसेल तर पुढे तोच तुमचा कागद.

८. घरी आणल्यावर

प्रवासात तारा पूर्ण सोडू नका, एखादा सूर उतरवा इतकंच. रिक्षात हेडस्टॉक वर आणि बॉडी मांडीवर. लोकलमध्ये बॅग पाठीला नको, पोटाशी धरा.

तारा लगेच बदला, ९-४२ चा सेट (हे आकडे तारांच्या जाडीचे) बोटांना सोपा जातो. सेटअपला मात्र आठवडाभर थांबा. डोंबिवलीच्या दमट हवेतली गिटार नाशिकच्या घरात आली की नेक दोन-चार दिवस हळूहळू जागा बदलतो. आल्या दिवशी सेटअप केला तर पुढच्या रविवारी पुन्हा करावा लागतो. तोवर रोज सूर लावून वाजवत राहा, आणि कुठल्या फ्रेटवर काय होतंय ते त्याच कागदाच्या मागे लिहून कारागिराकडे घेऊन जा.